भिंतीचा सौदा

आत्याबाई, काल रशीद मिस्त्री येऊन गेला. तुमची तेरवी व्हायची आहे म्हणून तो आधी फाटकाबाहेरच उभा राहिला. मग खाली मान घालून म्हणाला, "वहिनी, ते मागच्या भितीचं काय करायचं? दिनकरभाऊ म्हणे, तिलेच इचार." मी त्याला घरामागे नेलं. तुमची बाज अजून तिथेच आहे, पत्र्याखाली. फक्त गादी काढली आहे. त्याने बाजेला वळसा घातला, भिंतीवर हात फिरवला, पायथ्याची माती बोटाने टोकरून पाहिली आणि मजुरी सांगितली.

मी म्हणाले, बरं.

तो तसाच उभा राहिला. मी पुढे काही बोलेन म्हणून वाट पाहत होता. शेवटी म्हणाला, "वहिनी, तब्येत बरी हाय न तुमची?"

बिचाऱ्याचं चुकलं नाही. दुकानाचा ओटा त्यानेच बांधला, न्हाणीही त्यानेच, आणि न्हाणीच्या वेळी आमची अशी जुंपली होती की तो थापी टाकून निघून गेला आणि गल्लीच्या टोकावरून परत आला. तो भाव सांगणार, मी हसणार, तो छातीला हात लावणार, मी पाठ फिरवणार. आमचं हे ठरलेलं असतं. काल त्याने भाव सांगितला आणि माझ्या पोटातून काही वर आलंच नाही. जाताना तो स्वतःहूनच थोडे कमी करून गेला. इतक्या वर्षांत न भांडता मिळालेली ही पहिली सूट. तिचा आनंदही झाला नाही.

तुम्ही गेल्यापासून हे असंच चाललं आहे. चहा करते, तो गार होतो, मग गारच पिते. गल्लीतल्या बायका आल्या, माझ्या गळ्यात पडल्या, रडल्या. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत बसले, जणू त्यांच्याच घरचं कोणी गेलं होतं. एक जण दुसरीला म्हणाली, मला ऐकू येईल इतक्या हळू, "डोयात पाणी नाई वो हिच्या." दुसरी म्हणाली, "थे भित पाह्य न. दुकान पाह्य कसं चकचकीत, अन् म्हातारीची भित पाह्य. साधी लिंपली नाई कधी."

तेव्हा मात्र आत काहीतरी हललं. रडू नव्हतं, राग होता. आणि तो त्या बाईवर नव्हता, तुमच्यावर होता.

कारण ही भिंत मी लिंपू नये असं तुम्ही सांगितलं होतं. दर दिवाळीला सगळ्या घराला रंग लागायचा. मी स्वतः बादली घेऊन मागे यायचे आणि तुम्ही बाजेवरून हात आडवा करायच्या. "इकडे नाई. इकडे लेकुरवाळ्या हायेत." उन्हाकडे तोंड केलेली ती मातीची भिंत, तिच्यात पेन्सिल जाईल एवढाली भोकं, देवी आलेल्या माणसाच्या तोंडासारखी. येणारा-जाणारा पाहायचा आणि मनात म्हणायचा, सुनेने म्हातारीला मागे टाकली, भिंतसुद्धा सारवत नाही. तुम्हाला ते कळत होतं. तुमच्यासमोर लोक बोलायचे. मी वाट पाहायचे की आता म्हणतील, आता तरी म्हणतील, "मीच नाई लिंपू देत वो, तिची काय चूक?" तुम्ही तंबाखूची चिमूट गालात धरायच्या आणि भिंतीकडे पाहत बसायच्या. एकदाही बोलला नाहीत. हा हिशेब माझ्या मनात अजून तसाच आहे, आणि तुम्ही गेलात म्हणून मी तो पुसणार नाही.

सुरुवात माझ्याकडून झाली होती, हे मान्य. लग्न होऊन सोनाळ्यात आले त्याच वर्षी देवाशेजारच्या कोनाड्यात कुंभारीण माशीने मातीचं घर केलं. मी झाडू उचलला. तुम्ही माझं मनगट धरलं.

"थांब! कुंभारणीचं घर पाडत नसतात. पाळणा हालते घरात."

काळी-पिवळी, कमरेला दोरा करकचून बांधल्यासारखी बारीक, अशी ती माशी ओल्या मातीची गोळी तोंडात धरून आली आणि गुं गुं करत ती थापू लागली. तुम्ही मला खाली बसवलंत. म्हणालात, "आयक. ते काय करते माहीत हाय? परक्याची अळी उचलून आणते. अन् तिच्या कानाशी गुणगुणते. माहीच हो, माहीच हो. आयकता आयकता अळीची कुंभारीण होते." मग माझ्याकडे पाहून म्हणालात, "सून अशीच करा लागते."

मी तेव्हा नवी होते. मला ते गोड वाटलं होतं. वंदना झाली तेव्हा तुम्ही गल्लीभर सांगितलंत की कुंभारणीने आधीच कळवलं होतं. वंदनाला गालफुगी झाली तेव्हा जुनं रिकामं घर काढून, उगाळून, तिच्या गालाला लेप लावलात. पोरगी दोन दिवस मातीच्या बाहुलीसारखी दिसत होती आणि हसली की लेपाला तडे जायचे. हे मला आठवतं. राग असला तरी आठवतं.

आणि तो दिवस आठवतो. दिनकर तेव्हा दुसऱ्याची जीप चालवत होते, सोनाळा ते जळगाव जामोद, आणि घरी आणायचे त्यात घर चालत नव्हतं. मी ठरवलं की टोपल्यात स्टीलची भांडी घेऊन गावोगाव फिरायचं, जुनी लुगडी-साड्या घ्यायच्या, त्यावर भांडं द्यायचं. मला वाटलं होतं तुम्ही अडवाल. तुम्ही आत गेलात, पेटीतलं एक जुनं लुगडं घेऊन आलात आणि ओट्यावर बसून म्हणालात, "मी गिऱ्हाईक. बोल."

मी हसले.

"हासू नोको. हासली का लुटली. बोल."

मी एक वाटी पुढे केली. तुम्ही वाटीकडे पाहिलंच नाहीत. टोपल्यातल्या सगळ्यात मोठ्या भांड्याकडे, गंजाकडे पाहिलंत. मी म्हणाले, एका लुगड्यावर गंज कसा येईल? तुम्ही लुगडं घडी घालून मांडीखाली घेतलंत आणि शेजारणीशी पावसापाण्याचं बोलायला लागलात. बोलता बोलता मी वाटीवरून डब्यावर आले, डब्यावरून पातेल्यावर. शेवटी गंज तुमच्याकडे गेला आणि लुगडं उलगडलं तर मधोमध हातभर फाटलेलं.

"पदर उलटून काऊन नाई पाह्यला?" तुम्ही म्हणालात. "गिऱ्हाईक पाह्यलं, लुगडं नाई पाह्यलं. जाय आता. आज कोणी नाई लुटत तुले."

त्या दिवशी टुनकी गावात मला कोणी लुटलं नाही. नंतरही फार कमी वेळा. आता बाजारात दुकान आहे, शटर आहे, खामगावचे ठोकवाले मला फोनवर ‘बाई, जरा दम धरा’ म्हणतात. हे सगळं मी माझ्या जिवावर केलं असं मी सांगते, आणि ते खरंही आहे. त्या गंजाचं मी कोणाला सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगितलं नाहीत. ज्या गोष्टी सांगायला हव्या होत्या त्या न सांगण्यात आपण दोघी सारख्याच.

तुमचे पाय थकले आणि तुम्ही मागच्या बाजेवर राहायला लागलात, तेव्हापासून ही भिंत तुमचं गाव झाली. मी दुकानातून येऊन चहा घेऊन यायचे आणि तुम्ही मला दिवसभराच्या बातम्या द्यायच्या. कोणती आली, कोणत्या भोकात गेली, कोणाच्या भोकात कोण घुसलं आणि कशी हाकलली गेली. कुंभारणी तर होत्याच, शिवाय एक जाडसर माशी होती जी तुरीच्या पानांचे गोल तुकडे पायात धरून आणायची आणि भोकात अस्तर लावायची. मी हौसेने आणलेल्या गुलाबाचीही तिने चाळणी केली. मी चिडले तर तुम्ही कातरलेलं पान उजेडात धरलंत. "टिकल्या कापून राह्यली बाप्पा. पाह्य कशा गोल. तुह्या कात्रीनं नाई होत." निळ्या पट्ट्यांच्या माश्या होत्या, त्यांतल्या काही सांजेला वाळक्या काडीला तोंडाने धरून, पाय सोडून, ओळीने झोपायच्या. एकदा तुम्ही मला त्या दाखवायला जवळ बोलावलंत आणि तोंडावर बोट ठेवलंत. एवढ्या कडक बाईचा एवढा हळू आवाज मी तेव्हाच ऐकला. "पाह्य. बिनबाजेची झोप."

यांना पोळं नसतं, राणी नसते, एकेकीचं एकेकीपाशी असतं, हे तुम्हीच मला सांगितलंत.

"हिले सासू नाई, नणंद नाई," तुम्ही म्हणालात. "एकटीच कमावते, एकटीच लिंपते."

"मंग सुखाची हाय ती," मी म्हणाले.

"हाव. अन् चहा द्याले बी कोणी नाई तिले," तुम्ही म्हणालात आणि कप पुढे केलात.

दुकानाच्या कुलपाची गोष्ट तर सगळ्या बाजाराला माहीत आहे. लगीनसराईचे दिवस, मी दोन दिवस माहेरी जाऊन आलेले, रुखवताच्या भांड्यांसाठी मुलीकडचे लोक दारात उभे, आणि कुलपात किल्ली जाईना. किल्लीच्या भोकात कुंभारणीने माती भरून वरून गुळगुळीत करून टाकली होती. दगडाने कुलूप फोडावं लागलं. गिऱ्हाईक तोवर समोरच्या दुकानात गेलं. मी घरी येऊन ते कुलूप तुमच्या पुढ्यात आपटलं.

"पाहा तुमच्या लाडकीनं काय केलं!"

तुम्ही कुलूप उचललंत, भोकाला डोळा लावलात. "बरोबर हाय तिचं. तू भांडे ठेवते तर कुलूप लावते. तिनं लेकरू ठेवलं तर तिनं बी कुलूप लावलं."

मी संतापले होते. आणि हसू येत होतं म्हणून आणखी संताप.

खरं भांडण त्याच उन्हाळ्यात झालं. माठाखालच्या ओल्या मातीवर कुंभारणी सारख्या यायच्या आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत एकीने मोठं घर केलं होतं. खिडकी लावताना ते माझ्या हाताने फुटलं. मुद्दाम नव्हतं. आत हिरव्या बारीक अळ्या होत्या, एकीवर एक रचलेल्या, आणि त्यांच्यात एक पांढरं, बिनडोळ्यांचं, गुबगुबीत काहीतरी. ते एका अळीला तोंड लावून होतं. मी काडीने अळीला स्पर्श केला. ती मेलेली नव्हती. शेपटीकडून किंचित हलली आणि परत निपचित पडली. पळता येत नव्हतं तिला, ओरडता तर कुठून येणार. आणि ते पांढरं तिला खात होतं.

मी ते ताटलीत घेऊन तुमच्याकडे आले. मला वाटतं, मी जिंकल्यासारखी आले.

"आत्याबाई, पाहा. तुमची कुंभारीण अळीले आपली नाई करत. डंख मारून आणते अन् पोटच्या पोराले खाऊ घालते. जित्ती. गुणगुण करते ते माती दाबताना. कानात-बिनात काई सांगत नाई."

तुम्ही ताटलीकडे बराच वेळ पाहिलंत. तुम्हाला दिसलं होतं, मला माहीत आहे. तुमची नजर शेवटपर्यंत साफ होती. मग ताटली बाजूला सरकवलीत आणि म्हणालात, "किती गुणगुणली मी तुह्या कानात. तू अळीची अळीच राह्यली."

एवढंच. मी ताटली उचलली आणि आत गेले. नंतर आपण त्यावर कधी बोललो नाही. मी तुमचं डोकं विंचरलं, पाय चेपले, तुम्हाला न्हाऊ घातलं, आणि प्रत्येक वेळी ते वाक्य आपल्या दोघींच्या मध्ये बसलेलं होतं. मी तुमच्या तोंडून ते परत काढून घ्यायला हवं होतं. मी कोणाकडूनही काहीही काढून घेऊ शकते. तुमच्याकडून ते जमलं नाही.

दुकानात माल मावेना तेव्हा मी गोदामाचं काढलं. जागा एकच, ही मागची. भिंत पाडायची, विटांची उभी करायची, वर पत्रे. दिनकरला विचारलं तर ते म्हणाले, "तुह्या मनानं कर, पण मायले तू सांग." आईशी बोलायची पाळी आली की तुमच्या लेकाला नेमकी जीपची खेप आठवते. मग मीच विचारलं. आठवडाभर विचारलं. गोडीने, रागाने, देवाचं नाव घेऊन. शेवटी दसऱ्याच्या आसपास एका दुपारी तुम्ही म्हणालात, "पाडजो."

माझा कानावर विश्वास बसेना.

"सगळे भोकं उघडले का पाडजो भित. आतले लेकरं निंघून गेले का मंग तुहीच हाय."

"ठरलं?"

"ठरलं."

मी तुमच्या हातावर हात मारला. पक्का सौदा. रशीदला त्याच दिवशी निरोप धाडला. मग भोकं पाहायला लागले. वरची दोन उघडली, चांगलं वाटलं. तोवर खालची तीन बुजली होती. ती उघडायच्या आधी उजवीकडे पानवालीने नवीन अस्तर सुरू केलं. एक उघडायचं, दुसरं मिटायचं. काही तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मिटूनच राहणारी. सगळी भोकं एका वेळी उघडी असा दिवस त्या भिंतीच्या नशिबात कधी येणारच नव्हता. आणि तुम्हाला ते ठाऊक होतं. वर्षानुवर्षं तुम्ही दुसरं पाहिलंच काय होतं?

मी कमरेवर हात ठेवून तुमच्याकडे वळले, तर तुम्ही आधीपासूनच माझ्याकडे पाहत होता. तोंडात दात नव्हते तरी केवढ्या हसलात.

"लुगडं घेतानी पदर उलटून पाह्यते," तुम्ही म्हणालात. "सौदा काऊन नाई पाह्यला उलटून?"

रात्री दिनकरला सांगितलं तर ते पोट धरून हसले. म्हणाले, "तू अन् माय, एका घाण्याचं तेल. लोक म्हणतात तू मायवर गेली." मी म्हणाले, सून सासूवर कशी जाईल? रक्ताचं काही असतं की नाही? ते म्हणाले, "थे मले नाई माहीत. भांडता तर सारख्याच."

आणि शेवटचं. त्या सकाळी मी घाईत होते, दिवाळीचा उरलेला माल परत पाठवायचा होता. तुमची वेणी घालून, पाण्याचा तांब्या जवळ ठेवून निघाले. तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडला होता. मागे न वळता म्हणालात, "पाहजो."

आपल्या इकडे ‘पाहजो’ कसंही म्हणता येतं. लक्ष ठेव, असंही होतं. सांभाळून जा, असंही होतं. आणि पाहशील मग, थांब जरा, असा दमही होतो. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं तरच कळतं. तुमचं तोंड भिंतीकडे होतं. मला वाटलं दम आहे, कारण आदल्याच दिवशी मी भिंतीचं परत काढलं होतं. मी चप्पल घालता घालता म्हणाले, "तुमीच पाहा. तुमाले तेच काम हाय." आणि गेले. दुपारी दिनकरचा फोन आला.

काय पाहजो, आत्याबाई? कोणाला? मी किती वेळा ते मनात म्हणून पाहिलं. तुमच्या आवाजात म्हणून पाहिलं. प्रत्येक वेळी वेगळं ऐकू येतं. आता तर आवाजच नीट आठवेनासा झाला आहे, नुसता शब्द राहिला आहे.

आज सकाळी मी मागे आले आणि तुमच्या बाजेवर बसले. मिस्त्रीला होकार दिला होता, तेरवी झाली की तो येणार. पण सौदा सौदा असतो. माणूस गेलं म्हणून मोडला असं मी आजवर कोणाला करू दिलं नाही, तर स्वतः कशी करू? मी अट परत उलटून पाहिली, या वेळी नीट, पदरापर्यंत. सगळे भोकं उघडले का पाडजो, असं तुम्ही म्हणाला होता. कोणी उघडायची, ते आपलं ठरलं नव्हतं.

मला पळवाट सापडली होती. तुम्ही असता तर तुम्हाला आवडली असती, कबूल केलं नसतं तरी. मी केसातला आकडा काढला. बुजलेली भोकं फार नव्हती, एका दमात झाली असती. बाजेच्या उशाशी, तुमच्या डोळ्यांसमोर येणारं जे भोक होतं, तिथून सुरुवात केली. मातीचं झाकण टोकरलं. पातळ होतं, पापुद्र्यासारखं निघून आलं.

आत हिरव्या अळ्या होत्या. मी आकड्याचं टोक लावलं. पुढची अळी किंचित हलली. बस, तेवढंच. मग पडून राहिली. तिच्यामागे अंधार होता, आणि अंधारात ते पांढरं असणार.

मी तशीच बसले. रडू आलं नाही, ते तुम्हाला खोटं कशाला सांगू? एवढंच वाटलं की उन्हात हे वाळून जाईल. मग उठले, माठाखालची ओली माती बोटावर घेतली आणि ते भोक बुजवलं. अंगठ्याने दाबलं. तिच्यासारखं गुळगुळीत नाही आलं. फार जाड बसलं, वर माझ्या अंगठ्याची रेघ उमटली. दाबताना तोंडातून काहीतरी आवाज निघत होता, हे नंतर माझ्या लक्षात आलं.

आता मोठी अडचण आहे. कुंभारीण झाकण घालते ते आतल्याला कुरतडून बाहेर पडता येईल एवढंच घालते. माझं झाकण आतून फुटेल का? नाही फुटलं तर ते भोक कधीच उघडणार नाही, आणि ते उघडलं नाही तर आपल्या सौद्याप्रमाणे ही भिंत कधीच पडणार नाही. फोडून परत पातळ करावं का? की राहू द्यावं? हे विचारायचं तर गावात एकच माणूस होतं, आणि ते या बाजेवर होतं.

दुपारी मी रशीदला फोन लावला. म्हणाले, तू सांगितलेला भाव फार झाला, एवढ्यात तर सोनाळ्यात माडी चढते. तो म्हणाला, "अल्ला कसम वहिनी, स्वतःहून कमी केला मी!" मी म्हणाले, कमी केलास म्हणजे आधी जास्त लावला होतास. मग तो चढला, मग मी चढले. शेवटी तो म्हणाला, दुसरा मिस्त्री पाहा. मी म्हणाले, पाहीन, घाई नाही, उन्हाळा जाऊ दे. त्याचा आवाज मोकळा झाला होता. फोन ठेवताना तो हसत होता असं मला वाटलं.

बायका परत येतील, तेरवीला. भिंत पाहतील, बोलतील. मी गालात तंबाखू धरत नाही, पण गप्प बसता येतं मलाही. लेकुरवाळ्यांना लिंपत नाहीत, हे मी कोणाला सांगणार नाही.

गादी उन्हात घातली होती, ती परत बाजेवर टाकली आहे. उशाशी ते भोक आहे, वर माझा अंगठा. अजून ओलं आहे, कडेने वाळत चाललं आहे. पाहून राह्यली मी, आत्याबाई. पाहून राह्यली.